डोंगरी सायकल घेताना

सोयाबीनचे माप झाले, पट्टी हातात आली, की घरातल्या मुलांच्या मागण्या सुरू होतात. मालेगाव तालुक्यातल्या आमच्या ओळखीच्या एका घरी असेच झाले. दहावीतला मुलगा वडिलांच्या मागे लागला, "बाबा, मले डोंगरावर चालते तशी सायकल पाह्यजे. गेअरवाली." वडिलांनी आधी हसण्यावारी नेले. त्यांच्या डोक्यात हरभऱ्याची पेरणी होती, आणि फवारणीच्या पंपाची बॅटरी बसली होती ती वेगळीच. पण पोरगा ऐकेना. त्याने मोबाईलवर ऑलिंपिकमधली डोंगरी सायकलींची शर्यत पाहिली होती. दगडगोट्यांतून, झाडांच्या मुळांवरून, चढउतारावरून सायकली अशा धावत होत्या की जणू खालची जमीन सपाट आहे. ओट्यावर बसलेले आबाजी एवढेच म्हणाले, "आमी तं एका सायकलीवर बारा वर्सं काढले. दूध बी त्यावरच, अन् बिजवाई बी त्यावरच."

शेवटी वडील मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही सायकली उघडता-जोडता. तुम्हीच सांगा. दुकानदार म्हणते बारा हजारात डोंगरी सायकल येते. पोरगा म्हणते खरी डोंगरी सायकल लाखाची असते. यात खरं काय?"

दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते, आणि तिथेच घोळ होतो. दुकानात मिळणारी जाड टायरची, रंगीत, पुढे स्प्रिंग असलेली सायकल आणि ऑलिंपिकमधली सायकल दुरून सारख्या दिसतात. पण कुस्तीच्या मैदानातला पहिलवान आणि त्याच्यासारखा पोशाख केलेला बहुरूपी यांत जेवढे अंतर, तेवढे या दोघींत आहे. आणि गंमत अशी की आपल्या कामाला या दोन्ही फारशा उपयोगाच्या नाहीत. तिसरीच एक सायकल आपल्या उपयोगाची असते. ती कोणती, हे कळण्यासाठी हा खेळ मुळात कसा आहे ते आधी पाहू.

भंगारातून निघालेला खेळ

डोंगरी सायकलींचा खेळ श्रीमंतांच्या बागेत जन्मला असे कुणाला वाटेल. तसे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या मरीन नावाच्या भागात काही तरुण जुन्या, जड, टाकून दिलेल्या सायकली गोळा करत आणि त्यांवरून डोंगराच्या मातीच्या वाटेने खाली सुटत. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी तिथल्या एका उतारावर पहिली शर्यत लावली. त्या सायकलींना पायडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या डब्यात लागणारा ब्रेक असे. साडेतीन किलोमीटरचा तीव्र उतार उतरेपर्यंत डबा इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक फेरीनंतर डबा उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भर', असे पडले. ज्यांनी बैलगाडीच्या चाकाला वंगण घातले आहे त्यांना हे नाव समजावून सांगायला नको.

त्या मंडळींपैकी जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास डोंगरासाठी नवी सायकल बांधली. टॉम रिची सांगाडे जोडू लागले आणि गॅरी फिशर व चार्ली केली ते विकू लागले. १९८१ मध्ये अशा सायकली कारखान्यातून निघू लागल्या. १९९० साली पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. तिथे पुरुषांत नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंतजेन्स आणि स्त्रियांत इटलीची पाओला पेत्झो यांनी सुवर्णपदक मिळवले. भंगारातल्या सायकलीपासून ऑलिंपिकपर्यंत अवघी वीस वर्षे लागली.

आपल्याकडे याच धाटणीच्या जाड टायरच्या सायकली आल्या तेव्हा लोकांनी एका कंपनीच्या मॉडेलवरून त्यांना सरसकट 'रेंजर' म्हणायला सुरुवात केली. आजही वऱ्हाडात कोणतीही जाड टायरची सायकल म्हणजे रेंजरच. शर्यतीही आल्या. हिमाचल प्रदेशात २००५ पासून डोंगरी सायकलींची मोठी स्पर्धा होऊ लागली. २०२३ च्या ऑक्टोबरात केरळातल्या पोनमुडीच्या डोंगरावर आशियाई स्पर्धा झाली. आपल्या महाराष्ट्राची, संगमनेरची प्रणिता सोमण हिने या खेळात राष्ट्रीय पातळीवर राज्याचे नाव गाजवले आहे. तेव्हा आपल्याकडच्या पोरापोरींनी या खेळाकडे पाहावे यात वावगे काही नाही.

धंदेवाईक खेळाडूची सायकल

या शर्यतीला क्रॉस कंट्री म्हणतात. चार ते सहा किलोमीटरचा एक फेरा असतो, तसे अनेक फेरे मारायचे असतात. मोठ्यांची शर्यत साधारण सव्वा ते दीड तासात संपते. ही वेळ नीट ध्यानात ठेवा. त्या महागड्या सायकलीचे सगळे काम दीड तासाचे आहे. तेवढ्या वेळात तिने जीव तोडून पळावे आणि मग कारागिराच्या हाती जावे, अशी ती बनवलेली असते.

तिचा सांगाडा कार्बनच्या धाग्यांचा असतो. दोन्हीकडे झटके झेलणारी यंत्रणा असूनही सगळी सायकल दहा-अकरा किलोच्या आसपास भरते. आबाजींची काळी सायकल वीस किलोच्या वर जाते. पुढे एकच दातेरी चाक, मागे बारा. ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे, एका बोटाने लागणारे. टायरमध्ये ट्यूब नसते, आत चिकासारखे द्रव असते, काटा गेला तर ते भोकात जाऊन गोठते. अशा सायकलीची किंमत आठ-दहा लाखांपर्यंत जाते. तेवढ्यात आपल्याकडे ट्रॅक्टर येतो.

पण ती सायकल खेळाडूने विकत घेतलेली नसते, हे मुलांना कुणी सांगत नाही. कंपनी किंवा संघ ती देतो, मोडली तर दुसरी देतो. खेळाडू काय वापरतो यात त्याची आवड किती आणि पैसे देणाऱ्याची सोय किती, हे बाहेरून कळत नाही. ब्रिटनचा टॉम पिडकॉक टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, सुवर्णपदक जिंकला. त्याच्या संघाला सायकली पुरवणारी इटालियन कंपनी तेव्हा या शर्यतीची सायकल बनवत नव्हती. म्हणून तो दुसऱ्याच कंपनीच्या सायकलीवर, तिचे नाव न मिरवता, उतरला आणि जिंकला. २०२४ साली पॅरिसला येईपर्यंत त्या इटालियन कंपनीने डोंगरी सायकल तयार केली होती. तो तिच्यावर बसला आणि पुन्हा जिंकला. सायकल बदलली, पाय तेच होते.

त्याच पॅरिसच्या शर्यतीत त्याचे पुढचे चाक पंक्चर झाले. नेमलेल्या जागी पोचून चाक बदलून घेईपर्यंत अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ गेला. तरी शेवटच्या फेऱ्यात त्याने फ्रेंच खेळाडूला गाठले. म्हणजे लाखाच्या टायरलाही पंक्चर होतेच. फरक इतकाच की तिथे दुसरे चाक हातात घेऊन माणूस उभा असतो. आपल्या रानात कोण उभा असणार? पूर्वी या शर्यतीत बाहेरची मदत चालतच नसे. ज्याची सायकल मोडेल त्याने तिथेच बसून, स्वतःच्या हाताने, जवळच्या अवजारांनी दुरुस्त करायची. मला विचाराल तर तो जुना नियम आपल्या जवळचा आहे.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हा बारा दिवसांच्या आत जवळपास पाच हजार किलोमीटर अंतर त्यांनी कापले. वैदर्भीयांना अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट. पण त्या शर्यतीत खेळाडूमागे मोटारीत मदतनीस असतात. सायकलीचे दुखणे पाहायला माणूस असतो. हे पाठबळ चित्रात दिसत नाही, सायकल तेवढी दिसते.

चाकाच्या मापावरून तर मोठी भांडणे झाली आहेत. डोंगरी सायकलीचे चाक अनेक वर्षे २६ इंची होते. मग २९ इंची आले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक देशाचा कुल्हावी २९ इंची चाकांवर होता, स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर मधल्या मापाच्या, साडेसत्तावीस इंची चाकांवर. दीड तास लढून कुल्हावी अवघ्या एका सेकंदाने जिंकला. आज जवळपास सगळे २९ वर आहेत, कारण मोठे चाक खड्ड्यात कमी बसते, दगडावरून सहज जाते. आता आबाजींना सांगण्यासारखी गोष्ट ऐका. या आधुनिक २९ इंची चाकाच्या रिमचा व्यास, जिथे टायर बसतो तिथे, ६२२ मिलिमीटर असतो. आबाजींच्या काळ्या सायकलीच्या रिमचा तोच व्यास ६३५ मिलिमीटर. जाड टायरमुळे नवे चाक बाहेरून थोडे मोठे भरते एवढेच. खडबडीत रस्त्यावर मोठे चाक चांगले, हे आपल्या आजोबांच्या सायकलीला आधीपासून ठाऊक होते.

चढाचे गणित

मग काळी सायकल डोंगरावर का चढत नाही? वजन हे एक कारण, पण खरे कारण दाते. काळ्या सायकलीला पुढे साधारण ४४ आणि मागे १८ दाते असतात. पायडलचा एक फेरा मारला की सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट सडकेवर हे उत्तम. चढावर मात्र एका फेऱ्यात एवढे अंतर ओढायचे म्हणजे भरलेली गाडी एका बैलाने नाल्यातून काढण्यासारखे. धंदेवाईक खेळाडू पुढे ३४ आणि मागे ५२ दात्यांवर चढतो. त्याची सायकल एका फेऱ्यात जेमतेम दीड मीटर सरकते. पाय भरभर फिरतात, पण गुडघ्यावर जोर येत नाही.

आता मधली सायकल पाहा. साधी गेअरची, २६ इंची चाकांची, पुढे २८ आणि मागे २८ दात्यांवर टाकली तर एका फेऱ्यात सुमारे दोन मीटर जाते. दीड आणि दोन मीटरमध्ये फरक आहे, पण साडेपाच आणि दोन यांतल्या फरकापुढे तो किरकोळच. चढ चढण्याची नव्वद टक्के सोय स्वस्त गेअरच देऊन टाकतो. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी धंदेवाईक लाखो रुपये मोजतो, कारण त्याचे पदक एका सेकंदाने जाते. आपल्या मुलाचे काय जाते? शाळेची घंटा दोन मिनिटे आधी होते, इतकेच. मोजलेले टक्के नाहीत हे, अंदाजाचे आहेत, पण चढावर पाय टाकून पाहिलात तर पटतील.

दुकानदार एकवीस गेअर सांगतो तेव्हा भारावून जाऊ नका. पुढे तीन आणि मागे सात म्हणून एकवीस. त्यातले बरेचसे एकमेकांसारखेच असतात. मागची सात नीट बदलत असतील आणि पुढे एक लहान चाक असेल तर आपले काम झाले.

वजनाचेही तसेच. साठ किलोचा मुलगा वीस किलोची सायकल घेऊन टेकाड चढतो तेव्हा ऐंशी किलो वर न्यायचे असतात. दहा किलोची सायकल असेल तर सत्तर. आठातला एक हिस्सा कष्ट वाचला. चांगला आहे, पण सुकलेली, गंजकी चेन आणि रिमला घासणारा ब्रेक मिळून तेवढे कष्ट फुकट घालवतात. चार थेंब तेल आणि पान्याचा अर्धा फेरा यांनी ते परत मिळतात.

आपली जमीन, आपले काटे

वाशीम जिल्ह्याची जमीन दोन तोंडांची आहे. मालेगाव, मेडशीकडच्या टेकाडांवर मुरूम आणि सुटे दगड. खाली पैनगंगेच्या, अडाणच्या बाजूला काळी कसदार माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चपलेला शेरभर चिकटते. परदेशातले खेळाडू चिखलाची बढाई मारतात तेव्हा मला वाटते, यांना एकदा ऑगस्टमध्ये आमच्या पांदणीतून न्यावे.

काळ्या मातीत सायकल बसते ती टायर घसरल्यामुळे कमी आणि चाक जाम झाल्यामुळे जास्त. टायर आणि चिमटा यांच्यात बोटभर जागा नसेल तर दहा पावलांत माती भरते आणि चाक फिरायचे थांबते. म्हणून विकत घेताना पहिली परीक्षा ही करा: पुढच्या आणि मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना बोट सहज जाते का पाहा. खूप जाड टायर दिसायला दमदार दिसते, पण जागाच उरत नसेल तर पावसाळ्यात ते टायर सायकलीचा शत्रू. मडगार्डही तसेच. शहरात ते हवे, ओल्या काळ्या रानात ते मातीचा साचा बनते. शिवाय खरे सांगायचे तर ओल्या काळ्या मातीत कोणतीच सायकल चालत नाही, दहा लाखांची सुद्धा. तेव्हा सायकल खांद्यावर घ्यायची असते, आणि तिथे वजन कमी असेल तर दुवा मिळतो.

दुसरा शत्रू बाभळीचा काटा. नि सराटा. धंदेवाईकाचे द्रव भरलेले ट्यूबलेस टायर यावर उत्तम आहे, यात शंका नाही. मोटारसायकलीमुळे ट्यूबलेस आता आपल्याला नवे नाही. पण सायकलीच्या टायरमधले द्रव काही महिन्यांत सुकते आणि आपल्या उन्हाळ्यात ते आणखी लवकर सुकते. ते पुन्हा भरावे लागते, त्याला लागणारी रिम आणि टायर वेगळे घ्यावे लागतात. हौशी माणसाने जाड, चांगल्या कंपनीचे टायर आणि साधी ट्यूब घ्यावी. ट्यूबमध्येच घालायचे द्रवही मिळते. सोबत एक जादा ट्यूब, पट्टी-सोल्युशन आणि छोटा पंप. दहा-पंधरा मिनिटांचे काम, आणि कुणाची वाट पाहायला नको.

हवेबद्दल आपल्या गावांत एक समजूत पक्की आहे: टायर दगडासारखे झाले म्हणजे हवा भरली. मागे दुधाचे कॅन बांधायचे असतील तर ठीक. जाड टायर घेऊन खडकाळ वाटेने जायचे असेल तर ही समजूत सोडावी लागते. शर्यतीतले खेळाडू आपल्या ट्यूबलेस टायरमध्ये वीसेक पौंडच हवा ठेवतात. मऊ टायर दगडाला कवटाळतो, कडक टायर त्यावरून उडतो. ट्यूब असेल तर इतके खाली जाऊ नये, कारण दगडावर आपटले की ट्यूब रिममध्ये चिमटून दोन भोके पडतात, साप चावल्यासारखी. मध्यम वजनाच्या मुलाने तीस ते चाळीस पौंडांच्या दरम्यान राहावे. अंगठ्याने दाबले तर थोडे दबावे. या बदलाला एक पैसा लागत नाही, आणि हजारो रुपयांच्या स्प्रिंगपेक्षा तो अधिक आराम देतो.

बहुरूप्यापासून सावध

आता त्या बारा हजारांच्या सायकलीकडे येऊ. मुलांचा जीव जडतो तो पुढच्या चिमट्यातल्या स्प्रिंगवर, मधल्या दुसऱ्या स्प्रिंगवर आणि चाकातल्या डिस्कवर. खऱ्या शर्यतीच्या सायकलीत हवा आणि तेलाने काम करणारी यंत्रणा असते. ती दबते आणि सावकाश परत येते. स्वस्त सायकलीतली स्प्रिंग नुसती उसळते. चढावर पायडल मारावे तर निम्मा जोर ती खाली दाबण्यात जातो. वजन मात्र दोन-तीन किलोंनी वाढते, आणि दुसरी स्प्रिंग असेल तर त्याहून जास्त. माझ्या पुतण्याने अशी एक घेतली होती. पहिल्या पावसाळ्यात माती आणि पाणी आत गेले, दिवाळीपर्यंत चिमटा गंजून घट्ट बसला. मग ती स्प्रिंग नसलेल्या सायकलीसारखीच झाली, फक्त जड. हे तरी बरे. असल्या सायकलीवरून मुले उंचावरून उडी मारायला जातात आणि सांधा तुटतो तेव्हा दात, हनुवटी, मनगट सगळेच जाते. अशा काही सायकलींच्या माहितीपत्रकातच बारीक अक्षरांत लिहिलेले असते की उड्यांसाठी आणि खडतर वाटांसाठी ही सायकल नाही. ते पत्रक कुणी वाचत नाही.

म्हणून तेवढ्याच पैशांत स्प्रिंग नसलेला, सरळ, भक्कम चिमटा असलेली सायकल मागा. दुकानदार नाक मुरडेल, "ही तर साधी आहे," म्हणेल. म्हणू द्या. स्प्रिंगवर वाचलेले पैसे कारखान्याने चाकात, ब्रेकमध्ये आणि छर्ऱ्यांमध्ये घातलेले असण्याची शक्यता जास्त.

डिस्कचे दोन प्रकार आहेत. तारेची आणि तेलाची. तेलाचा ब्रेक अप्रतिम लागतो, पण त्यात हवा शिरली की लीव्हर लिबलिबीत होतो आणि ती हवा काढणारा कारागीर जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज भेटेलच असे नाही. आपली सवय अशी की पंक्चर झाले की सायकल उलटी करून सीटवर उभी करायची. तेलाच्या ब्रेकमध्ये आधीच थोडी हवा असेल तर उलटे केल्याने ती नळीत जाते. तारेचा डिस्क ब्रेक किंवा रिमवर दाबणारा रबरी ब्रेक आपल्याला पुरे. रबरे चिखलात लवकर झिजतात, पण ती स्वस्त असतात आणि गावातला सायकलवाला पाच मिनिटांत बदलून देतो.

सांगाड्याचाही विचार हाच. लोखंडी सांगाडा जड, पण तडा जाण्यापूर्वी बहुधा वाकून सूचना देतो. ॲल्युमिनियम हलके, गंजत नाही, पण तडकले तर गावच्या वेल्डिंगवाल्याच्या हातचे नाही. कार्बनला आतून इजा झाली तरी बाहेरून कळत नाही. शेतावरची सायकल झाडाला टेकवली जाते, बैलाचा धक्का लागून पडते, ट्रॉलीत फेकली जाते. कार्बनचे तिथे काय काम?

खर्च कुठे करावा

पोराला किंवा पोरीला खरेच या खेळाची ओढ असेल तर पहिला खर्च मापावर करा, म्हणजे मापाची सायकल शोधण्यात वेळ खर्चा. आपण कपड्यांसारखी सायकलही वाढत्या अंगाची घेतो. आमची पिढी नळीखालून पाय घालून सायकल शिकली, त्याचे कौतुक आहे, पण उतारावर ते चालत नाही. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली तर गुडघा सरळ व्हावा. सायकलवर उभे राहून दोन्ही पाय जमिनीवर टेकले तर वरची नळी अंगाला लागू नये. मुलींच्या बाबतीत हे जास्त जपावे. त्यांच्या वाट्याला भावाची जुनी, उंच सायकल येते, हँडल लांब पडते, खांदे दुखतात आणि मग घरचे म्हणतात, तिला जमत नाही. शाळेतून सरकारी योजनेची सायकल मिळालेल्या मुली रोज चार-पाच किलोमीटर खडीच्या रस्त्याने जातात. त्यांच्या पायांत किती बळ आहे ते कुणी मोजलेले नाही.

दुसरा खर्च हेल्मेटवर. शर्यतीत ते सक्तीचे आहे आणि हजार-दोन हजारांत चांगले मिळते. मोटारसायकलीचे हेल्मेट घालू नये, त्यात वारा जात नाही आणि मान दुखते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, वरून धड दिसले तरी. त्यानंतर ब्रेकची रबरे आणि टायर. मग दोन्ही चाके फिरवून पाहा, रिम डुगडुगत असेल तर तारा ताणून आउट काढून घ्या. गेअर, रंग, कंपनीचे नाव हे सगळे यानंतर.

शर्यतीत उतरायचे तर लगेच महाग सायकल लागते हाही गैरसमज आहे. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या सायकल शर्यतींत अनेक वर्षे देशी बनावटीच्या साध्या सायकलींसाठी वेगळे गट ठेवले गेले आहेत, ते याचसाठी की पोराचे पाय मोजले जावेत, बापाचा खिसा नव्हे. जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात शालेय स्पर्धांची चौकशी करावी. मुलगा साध्या सायकलीवर दोन वर्षे टिकला, पहाटे न उठवता उठू लागला, तर मग पुढच्या सायकलीचा विचार. तोपर्यंत कर्ज काढू नये, दागिना मोडू नये. शहरातली हौशी मंडळी दर दोन-तीन वर्षांनी सायकली बदलतात. त्यांच्या जुन्या, चांगल्या बनावटीच्या २६ इंची सायकली अर्ध्याहून कमी किमतीत मिळतात, कारण फॅशन २९ वर गेली आहे. मात्र अशी सायकल घेताना पुढच्या चिमट्याचा सांधा आणि नळ्यांचे जोड उजेडात, ओल्या फडक्याने पुसून पाहावेत. रंगाला केसासारखी भेग दिसली तर कितीही स्वस्त असो, सोडून द्यावी. चेन किती झिजली तेही पाहा. पुढच्या दातेरी चाकावरून ती बोटाने पुढे ओढली आणि दाता अर्धा उघडा पडला, तर चेन गेली, आणि बहुधा मागचे फ्रीव्हीलही.

मालेगाव तालुक्यातल्या त्या घरी मी एवढे सांगितले. मुलगा आधी हिरमुसला, स्प्रिंग नाही म्हणून. मग वडील आणि तो अकोल्याला जाऊन आले. सरळ चिमट्याची, ॲल्युमिनियमची, सात वर्षे वापरलेली एक २६ इंची सायकल त्यांना मिळाली. तिला नवे टायर, नवी चेन, ब्रेकची रबरे टाकली, हेल्मेट आणि पंप घेतला. दुकानातल्या स्प्रिंगच्या सायकलीपेक्षा हिशेब तीन हजारांनी कमी आला. पहिल्या दिवशी पोरगा गावामागच्या टेकाडावर अर्ध्यातून उतरून चालत गेला. आठव्या दिवशी न उतरता चढला, आणि आल्यावर आबाजींनी सायकल हातात घेऊन उचलून पाहिली. "हलकी हाय," म्हणाले, आणि मग चाकात बोट घालून चिमट्याजवळची जागा मोजली.

उरलेल्या तीन हजारांत फवारणीच्या पंपाची बॅटरी आली.